शीड वळवण्याचं काम वाऱ्यालाच द्या

२०१८ मध्ये नॉर्वेची ‘सेलबॉय मेट’ ही जेमतेम दोन मीटर लांबीची, माणूस नसलेली बोट न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पोचली आणि मायक्रोट्रान्झॅट हे बिनमाणसी शिडाच्या बोटीनं अटलांटिक ओलांडण्याचं आव्हान पूर्ण करणारी पहिली बोट ठरली. अशी बातमी आली की पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत चर्चा रंगते ती ‘एआय’ची. दिशा राखायला जीपीएस, होकायंत्र आणि साधा प्रोग्रॅम पुरतो. खरा कस लागतो तो शिडाचा.

कापडी शीड दोरानं आवळून धरतात. आठ सेकंदांना एक लाट धरली तरी बोट दिवसाला १०,८०० वेळा झुलते. दोन महिन्यांत साधारण साडेसहा लाख वेळा. दर वेळी दोर कप्पीत त्याच जागी घासतो. म्हणून दोर नकोतच. ताणाच्या तारांशिवाय उभी डोलकाठी आणि तिच्याभोवती मोकळं फिरणारं, विमानाच्या पंखाच्या छेदाचं ताठ शीड बसवावं.

आता डोलकाठी पंखात नेमकी कुठे? अर्धा चौरस मीटर शिडावर सेकंदाला १० मीटर वाऱ्यात सुमारे ३० न्यूटन बल येतं. वारा दुप्पट झाला की चौपट, १२० न्यूटन. हे बल पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ टक्क्यांवर एकवटतं. रुंदी ४० सेंटिमीटर आणि डोलकाठी पुढच्या कडेलाच असेल, तर या दुप्पट वाऱ्यात १२ न्यूटन-मीटरचा पीळ शीड वळवणाऱ्या मोटरला पेलावा लागतो. डोलकाठी २० टक्क्यांवर घ्या, पीळ २.४ वर येतो. २५ टक्क्यांच्या मागे गेलात तर मात्र शीड उलटं वळतं.

उरलेलं काम शेपटीचं. शिडामागे दांडीवर छोटा उभा पंख असतो. लहानशी सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर, फक्त हा छोटा पंख काही अंश वळवते. मग वारा स्वतःच मोठ्या शिडाला ठरलेल्या कोनात धरतो. वाऱ्यानं दिशा बदलली तरी शीड आपसूक फिरतं, मोटर जागची हलत नाही. सेलड्रोन या अमेरिकी कंपनीच्या बिनमाणसी बोटी याच तत्त्वावर चालतात.

शेपटीचं वजन मात्र तोलावंच लागतं, नाहीतर बोट कलली की शीड खाली झुकतं आणि कोन बिघडतो. ३०० ग्रॅमची शेपटी ६० सेंटिमीटर मागे असेल, तर ३० सेंटिमीटर पुढे ६०० ग्रॅम शिसं हवं. वारा नसलेल्या खोलीत बोट ३० अंश कलती धरा; शीड वळवाल तिथेच थांबलं पाहिजे. ही चाचणी झाल्यावरच रीतसर परवानगी घेऊन खडकवासल्याच्या पाण्यात उतरा.

खाऱ्या पाण्याचे दोष तिथे दिसत नाहीत. पोलादी बेअरिंग गंजून अडकतं, तिथे प्लॅस्टिकचं घ्या. कार्बन फायबरच्या डोलकाठीला ॲल्युमिनियमचा भाग थेट टेकवला तर समुद्रात ॲल्युमिनियम झिजत जातं. मध्ये काचतंतूचा थर द्या.