धुणेभांडी, पोतेरे आणि गोदावरी : पुनर्वापराच्या साधनांकडे वळण्यामागची पार्श्वभूमी

नाशिकच्या दुकानांतून आणि बचत गटांच्या प्रदर्शनांतून अलीकडे नारळाच्या काथ्याची घासणी, घोसाळ्याची वाळवलेली जाळी, रिठ्याची पूड, सुती फडक्यांचे संच आणि लिंबा-संत्र्याच्या सालींपासून आंबवलेले द्रव अशा वस्तू दिसू लागल्या आहेत. त्यांची जाहिरात बहुधा ‘आजीच्या काळातले’ अशी होते. हे वर्णन अर्धेच खरे आहे, कारण आजीच्या काळात यांपैकी बऱ्याचशा वस्तू कोणी विकत घेत नव्हते. त्या घरातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी कामातून उरत असत. चुलीतून राख उरे, सोललेल्या नारळाची शेंडी उरे, वेलीवर जून झालेले घोसाळे उरे, विटलेले लुगडे उरे. ती कामे घरातून गेली, तशी त्यांतून उरणारी साधनेही गेली. नव्या साबणाने जुन्या राखेला हरवले, असे जे सरसकट सांगितले जाते त्यापेक्षा हा क्रम बराच वेगळा आहे.

राखेचेच उदाहरण घ्यावे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो तेलकटपणा सैल करतो, आणि राखेचा बारीक कण भांड्याला घासतो. एकाच मुठीत क्षार आणि घासणी दोन्ही मिळत, तेही फुकट. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे जुने केंद्र; तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावे त्या धंद्यातूनच आली. घरोघरी पितळेची पातेली, घागरी, तांबे, बंब असत. पितळेवर चढलेला काळपट थर राखेने नीट निघत नाही, त्याला आंबट लागते. म्हणून आमटीसाठी कोळून उरलेला चिंचेचा चोथा मोरीजवळच्या वाटीत ठेवला जाई आणि त्यात चिमूटभर मीठ घालून भांडे उजळले जाई. स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कल्हई असे आणि ती खरवडली जाऊ नये म्हणून आतल्या अंगाला शेंडी हलक्या हाताने फिरवावी लागे. भांड्याचा धातू, त्यावरची कल्हई, चुलीतली राख आणि घासण्याची रीत ही सगळी एकमेकांना धरून होती.

ही घडी दोन बाजूंनी मोडली. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ साली आला, ‘इंडेन’ या नावाच्या गॅसची विक्री १९६५ साली सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शहरी घरांतली चूल रॉकेलच्या स्टोव्हला आणि मग गॅसला जागा देऊन निघून गेली. त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलने पितळेला मांडणीवरून उतरवले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको. सातपूर आणि पुढे अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे शहर वाढले, वाड्यांतील बिऱ्हाडे सिडकोच्या घरांत आणि सदनिकांत गेली, आणि तिथल्या अरुंद सिंकच्या पाइपात राख टाकणे म्हणजे पाइप तुंबवून घेणे. भांड्यांची पावडर, पुढे वडी आणि हिरवी कृत्रिम घासणी या रिकाम्या झालेल्या जागेत आल्या.

कपड्यांचा इतिहास याहून जुना आणि गुंतागुंतीचा आहे. गावगाड्यात परीट हा बलुतेदार होता. तो सोडा आणि खार वापरून भट्टी लावी आणि नदीच्या वाहत्या पाण्यात कपडे आपटून खळबळून काढी. रोजचे धुणे घरातल्या बायका विहिरीवर किंवा गोदावरीच्या घाटावर नेत. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना क्षार सोसत नाही, त्यांच्यासाठी रिठा होता. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन हे नैसर्गिक द्रव्य पाण्यात फेस करते, परंतु ते साबणासारखे क्षारधर्मी नसते. सराफही दागिने उजळण्यासाठी रिठ्याचेच पाणी वापरत आले आहेत. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी बिया काढून उकळायचे आणि तपकिरी पाणी गाळून घ्यायचे. हे पाणी दोन-चार दिवसांत आंबते. बाटलीतून मिळणारा ‘रिठ्याचा द्रव’ महिनोन्महिने टिकतो तो त्यात परिरक्षक, म्हणजे नासू न देणारे रसायन, घातलेले असते म्हणून, हे ग्राहकाने लक्षात घेतलेले बरे.

कारखान्यातला धुण्याचा साबण भारतात आला तो १८८८ साली, कलकत्ता बंदरात उतरलेल्या ‘सनलाईट’च्या पेट्यांमधून. १९३४ पासून ‘सनलाईट’ बनवणाऱ्या लिव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला साबण तयार करण्यास सुरुवात केली. विलायती साबणात प्राण्यांची चरबी असल्याने सोवळे पाळणाऱ्या घरांत त्याला आडकाठी होती, आणि वनस्पती तेलाचा साबण ही गोदरेजची जाहिरात नेमकी त्या शंकेवर बोट ठेवणारी होती. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री, जिथे पूजेची सोवळी रेशमी वस्त्रे वेगळी धुतली जात, ही शंका पुसट असण्याचे कारण नव्हते. साबणाची दुसरी अडचण मात्र धार्मिक नव्हती. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाचा फेस होत नाही, त्याचा करडा साका बनतो आणि तो कपड्याला चिकटतो. विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या जड पाण्यात हा अनुभव नित्याचा आहे.

कृत्रिम डिटर्जंटने हीच अडचण सोडवली. ‘सर्फ’ भारतात १९५९ साली आले, पण ते मध्यमवर्गातही जपून वापरले जाई. खरा पालट १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेल्या ‘निरमा’ने घडवला. सर्फ किलोला सुमारे तेरा रुपयांना मिळत असताना ही पिवळी पावडर तीन-साडेतीन रुपयांना दारात येऊ लागली. तिने हाताची आग होई, रंग विटत, तरीही ज्या घराला पूर्वी साबणाची वडी पुरवून पुरवून वापरावी लागे त्या घराला पहिल्यांदाच भरपूर फेस परवडला. पर्यावरणाच्या नावाने डिटर्जंटला नावे ठेवताना ही गोष्ट विसरली जाते. कपडे आपटणाऱ्या बाईचे खांदे आणि मनगटे यांना या पावडरीने दिलेला आराम खोटा नव्हता.

पोतेऱ्याची कथा सहसा कोणी लिहीत नाही, पण माझ्या मते पुनर्वापर कुठे तुटला हे तिच्यातच सर्वांत स्पष्ट दिसते. सुती लुगडे विटले की त्याची आधी गोधडी होई, मऊ भागाची बाळाची दुपटी होत, मग हातपुसणी, मग भांडी पुसायचे फडके आणि शेवटी लादीचे पोतेरे. १९६० आणि ७० च्या दशकांत नायलॉनच्या साड्या, टेरिलीन आणि टेरिकॉट आले. हे कापड विटत नाही, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. पण ते पाणीही शोषत नाही. नायलॉनच्या जुन्या साडीने लादी पुसून पाहावी : ओल नुसती इकडून तिकडे पसरते. असले कपडे घरात साठू लागले आणि बोहारणीच्या टोपलीत जाऊ लागले, बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा आला. म्हणजे ज्या स्टीलने राख हटवली त्याच स्टीलच्या मोबदल्यात जुने कापडही घराबाहेर पडले. कपडे बोहारणीकडे गेले तरी त्यांचा पुनर्वापर होतच होता, तो घराबाहेर होऊ लागला इतकेच. परंतु फरशी पुसायला काहीतरी विकत आणणे आता भाग पडले. आज ‘मायक्रोफायबर’ म्हणून मिळणारे फडके पुष्कळदा पॉलिएस्टरचेच असते. अतिशय बारीक, चिरलेल्या तंतूंमुळे ते पाणी धरून ठेवते, आणि दर धुण्याला त्याचे सूक्ष्म प्लास्टिक तंतू सांडपाण्यात जातात.

केरसुणी त्यामानाने टिकली. शिंदीच्या पानांची केरसुणी लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून पुजली जाते, त्यामुळे फुलझाडूने आणि प्लास्टिकच्या झाडूने रोजचा वापर काबीज केला तरी दिवाळीत ती एकदा घरात येतेच. खराट्याला तर नाशिकमध्ये वेगळेच मोल आहे. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे, परीट समाजात जन्मलेले संत गाडगे महाराज यांची धर्मशाळा या शहरात आहे आणि गोदावरीवरच्या एका पुलाला त्यांचे नाव आहे.

नदीचा प्रश्न यथावकाश याला येऊन मिळाला. जगात त्याची चाहूल आधी लागली होती. सुरुवातीच्या डिटर्जंटमधील शाखायुक्त रेणू जिवाणूंना पचत नसत आणि नद्यांवर फेसाचे ढीग साचत. १९६० च्या दशकात उद्योगाने सरळ साखळीचे, विघटनशील रेणू वापरण्यास सुरुवात केली. उरले ते डिटर्जंटमध्ये मिसळले जाणारे फॉस्फेट. ते पाण्याचा जडपणा घालवते, पण नदीत जाऊन शेवाळ आणि जलपर्णीला खत पुरवते. युरोपीय संघाने घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमधील फॉस्फेटवर २०१३ पासून कडक मर्यादा घातली.

गोदावरीच्या प्रदूषणाबाबत २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, ‘नीरी’ या संशोधन संस्थेकडून उपाय मागवले गेले आणि घाटावर कपडे व वाहने धुण्यास मनाई झाली. ही मनाई योग्यच, परंतु तिच्यामुळे एक सोयीचा समज रुजला की नदीचे धुणे घाटावरच होते. गंगापूर रोडच्या सदनिकेतील यंत्राचे फेसाळ पाणीही गटारातून तपोवन, आगर टाकळी किंवा अशाच एखाद्या मलनिस्सारण केंद्रात आणि तिथून त्याच नदीत जाते. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत सेंद्रिय घाण बरीच कमी होते. फॉस्फरस काढण्यासाठी खास वेगळी प्रक्रिया लागते. पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी मंदावते आणि जलपर्णी फोफावते. हेच पाणथळ क्षेत्र २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानलेले पाणथळ क्षेत्र, ठरले. या जलपर्णीचा सगळा दोष डिटर्जंटवर टाकता येणार नाही. मैला आणि शेतातली खते यांचा वाटा मोठा आहे. तरीही घरातून जाणारा वाटा हा घरालाच कमी करता येण्याजोगा आहे.

२०१५ च्या सिंहस्थात ‘हरित कुंभ’ ही मोहीम झाली, २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, आणि या विषयाला शहरात बोलण्याची भाषा मिळाली. सालींचे आंबवण याच काळात घराघरांत पोहोचले : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. त्यातून तयार होणारा आंबट द्रव नळावरचे आणि टाइल्सवरचे पांढरे डाग काढतो. संगमरवर मात्र तो खातो, आणि जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबू नये. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समजही तपासून घ्यावा. ज्या सॅपोनिनमुळे रिठा फेसाळतो त्याच गुणाने तो मासे बेशुद्ध करण्यासाठी वापरला जात आला आहे, फक्त पाण्यात तो लवकर विघटित होतो.

सरकारी पातळीवर ग्राहकाला खूण मिळावी म्हणून १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना निघाली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह होते आणि साबण व डिटर्जंट हे तिच्या आरंभीच्या वस्तूंत होते. उत्पादकांनी तिच्याकडे जवळपास पाठ फिरवली. २०२४ साली नवे नियम काढून तिला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला आहे. दरम्यान, वेष्टनावर हिरवे पान छापायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे पावडर घेताना पानाचे चित्र बाजूला ठेवून घटकांच्या यादीत फॉस्फेट आहे का ते पाहावे, आणि सायकलवरून कॅन घेऊन येणाऱ्या विक्रेत्याकडून आपल्याच बाटलीत फिनेल भरून घेण्याची जी रीत शहरात आधीपासून आहे, ती डिटर्जंटच्या द्रवालाही लावता येते का, हे निदान आपल्या किराणा दुकानदाराला विचारून पाहावे.