एसएमपी अल्टरनेटिव्हज

संगणकात प्रोसेसर एक आहे की अनेक, हे पाहून कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, स्वतःच्याच चालू कोडमधली लॉक काढण्याची किंवा बसवण्याची लिनक्समधली सोय. एसएमपी म्हणजे अनेक प्रोसेसर एकत्र चालणे. गर्ड हॉफमन यांनी केलेली ही सोय २००६ साली २.६.१७ आवृत्तीत आली.

मेमरीतला एखादा आकडा वाचून, वाढवून परत लिहीपर्यंत दुसऱ्या प्रोसेसरने मध्ये हात घालू नये, म्हणून एक्स८६ (इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरच्या) सूचनेच्या आधी ‘लॉक’ हा एका बाइटचा उपसर्ग लावतात. प्रोसेसर एकच असेल तर तो लागत नाही, कारण इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारा इशारा, दोन सूचनांच्या मध्ये येतो, सूचनेच्या पोटात नाही. उपसर्गापायी वेळ मात्र जातोच. पेंटियम ४ वर तो चांगलाच जाणवे. म्हणून फेडोरासारखी लिनक्सची वितरणे एकप्रोसेसरी आणि बहुप्रोसेसरी असे दोन कर्नल देत. दोन्ही बांधायचे, दोन्ही तपासायचे.

एसएमपी अल्टरनेटिव्हजमध्ये कर्नल बांधतानाच प्रत्येक लॉक उपसर्गाचा पत्ता वेगळ्या यादीत नोंदवला जातो. बूट होताना एकच प्रोसेसर दिसला, की कर्नल यादीतल्या पत्त्यांवर जाऊन तिथला लॉकचा २४० हा बाइट बदलतो. दुसरा प्रोसेसर चालू होताना तो परत बसवतो. स्पिनलॉकचा (मोकळे होईपर्यंत फिरत वाट पाहणाऱ्या लॉकचा) बाकीचा कोड राहतोच, त्यातला महागडा भाग तेवढा जातो.

सुरुवातीला लॉकच्या जागी १४४, म्हणजे ‘काही करू नका’ ही सूचना घालत. पण ती स्वतंत्र सूचना आहे. एखादे काम ती संपवून नेमके तिथेच थांबले आणि तेवढ्यात दुसरा प्रोसेसर जोडला गेला, तर लॉक परत बसे. जागे झालेले काम मात्र त्याच्या पुढून, लॉकविनाच चालू होई. अशी चूक क्वचित घडते, म्हणूनच ती शोधणे जिवावर येते. २००८ मध्ये मॅथ्यू देन्वाये यांनी त्या जागी ६२ हा डेटा सेगमेंटचा (मेमरीचा कोणता भाग वापरायचा हे सांगणारा) उपसर्ग सुचवला. तो पुढच्या सूचनेचाच भाग होतो, तिचा अर्थ बदलत नाही आणि मध्ये थांबायला जागाच उरत नाही. एका बाइटची ही दुरुस्ती या सगळ्या रचनेतला सर्वांत देखणा भाग आहे.

प्रोसेसर बंद केल्यावर लॉक पुन्हा काढण्याची तरतूद २०१२ मध्ये रस्टी रसेल यांनी काढून टाकली.

६४-बिट आर्मवर २०१५ च्या ४.३ आवृत्तीपासून कर्नल याच धर्तीवर, आर्म ८.१ च्या नव्या अणु-सूचना (वाचणे-बदलणे-लिहिणे एका दमात करणाऱ्या) वापरायच्या की जुनी वाचा-लिहा जोडी, हे प्रोसेसर पाहून ठरवू लागला. तिथे लॉक ठेवायचेच असते. निवड होते ती त्याच्या प्रकाराची.