ऑनलाइन भेट घ्यावी की समोर येऊन बसावे?

उदासी, घबराट, सततची चिंता, घरातला ताण यांसाठी व्हिडिओवरचे समुपदेशन समोरासमोरच्या समुपदेशनाइतकेच गुणकारी ठरू शकते. करमाळा, सांगोला किंवा अक्कलकोटहून येणाऱ्यांचा एका भेटीपायी दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीचा खर्च वेगळाच. त्यांना ऑनलाइनचा मोठा आधार आहे. तरीही ऑनलाइन भेट देण्याआधी आमच्या सोलापूरच्या समुपदेशन केंद्रात आम्ही काही गोष्टी विचारतो. त्या का विचारतो, ते या पत्रकात सांगितले आहे.

आधी जागा पाहा

ऑनलाइन भेटी बिघडतात त्या बहुतेक वेळा शेजारी कोणीतरी ऐकत असल्यामुळे. सासूबद्दल बोलायचे आणि सासू खोलीतल्या कापडी पडद्याच्या पलीकडे बसलेली, अशा वेळी पाऊण तास हवापाण्याच्या गप्पांत जातो आणि फी वाया जाते. सोलापुरात एका खोलीत पाच-सहा माणसे राहणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून हे आम्ही मोकळेपणाने विचारतो.

घरात खोली असेल तर ही परीक्षा घ्या. आत फोनवर बोलण्याच्या आवाजात बातम्या लावा, दार ओढून बाहेर उभे राहा. शब्द कळले तर तुमचेही शब्द बाहेर कळणार. इअरफोनने फक्त आमचा आवाज झाकला जातो, तुमचा नाही. दाराबाहेर कूलर किंवा रेडिओ चालू ठेवला तर बराच फरक पडतो. शेजारी कापड विणायचा माग चालू असेल तर मात्र उलटे होते: खटखटीत आम्हालाच तुमचे बोलणे कळत नाही. मग माग बंद असतानाची वेळ मागून घ्या. मैत्रिणीचे घर किंवा कामावरची रिकामी खोलीही चालते. उभ्या गाडीत बसणार असाल तर सकाळी बसा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२ च्या पुढे जातो, दुपारी बंद गाडीत बसणे धोक्याचे आहे. गाडी चालवत असताना भेट होणार नाही.

पहिल्याच भेटीत एक खुणेचे वाक्य ठरवून घ्या, उदाहरणार्थ 'वीजबिलाचे नंतर पाहू'. कोणी आत आले की ते म्हणा, आम्ही लगेच विषय बदलू. मेसेज कोणत्या नंबरवर जातात तेही तपासा. भावाच्या नंबरवरून नाव नोंदवले असेल तर वेळेची आठवण त्यालाच जाते.

घरात मारहाण होत असेल किंवा तुमचा फोन कोणी तपासत असेल, तर ऑनलाइन भेट घेऊ नका, केंद्रात या. तातडीच्या मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे.

समोर येणेच बरे, ते केव्हा

कानात आवाज येणे, कोणीतरी पाळत ठेवते असे वाटणे, झोप न घेताही अंगात प्रचंड जोर असणे, खाणे सुटून वजन उतरणे, वृद्धांचा नव्याने सुरू झालेला विसराळूपणा: यांत पहिली भेट समोरासमोरच हवी. व्हिडिओवर नाडी, रक्तदाब, वजन, हाताची थरथर नीट कळत नाही. संशयाने ग्रासलेल्या माणसाला तर कॅमेऱ्याचीच भीती वाटू शकते. रोजची दारू एकदम सोडली असेल आणि थरथर, घाम किंवा भास सुरू झाले असतील, तर थेट रुग्णालयात जा. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडीही येऊ शकते. लहान मुलांना आम्ही खेळातून समजून घेतो, ते पडद्यावर साधत नाही.

स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. जीवाला धोका असेल तर ११२ किंवा १०८ लावा, नाहीतर घरच्यांसोबत सिव्हिल हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. प्रत्येक ऑनलाइन भेटीच्या सुरुवातीला आम्ही तुमचा त्या क्षणीचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर घेतो तो यासाठीच: तुम्ही बार्शीत असाल तर गाडी बार्शीतच पाठवावी लागते.

उलट, सारखे हात धुण्याचा किंवा कड्या-कुलपे पुन्हापुन्हा तपासण्याचा त्रास असेल, तर ऑनलाइन भेट अनेकदा जास्त उपयोगी ठरते. तो त्रास जिथे होतो ती मोरी, तो दरवाजा फोनवरून दिसतो आणि सराव तिथल्या तिथे करता येतो.

गोळ्यांचे काय

समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर व्हिडिओवर पाहून बरीच औषधे लिहू शकतात, पण शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीमधली नाहीत. लक्ष न लागणे आणि अतिचंचलता (एडीएचडी) यांवरचे मिथाइलफेनिडेट त्यातच येते. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांवरही बंधने आहेत, म्हणून 'फोनवरच लिहून द्या' असा आग्रह धरू नका. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही आहे ना, ते पाहा. नाहीतर दुकानदार परत पाठवतो.

लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचे औषध) चालू असेल तर रक्त गावातल्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट पाठवला तरी चालतो. फक्त रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे, आधी दिले तर आकडा फसवा येतो. क्लोझापीन (स्किझोफ्रेनियावरचे औषध) सुरू केल्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तपेशी तपासाव्या लागतात.

फोन आणि नेट

अर्ध्या तासाच्या व्हिडिओला साधारण अर्धा जीबी डेटा धरा. रोजचा दीड जीबीचा पॅक संध्याकाळपर्यंत संपतो, म्हणून सकाळची वेळ बरी. फोन भिंतीला टेकवून ठेवा, उजेड चेहऱ्यावर घ्या. कॉल तुटला तर आम्ही पुन्हा लावतो, तुम्ही लावू नका, नाहीतर दोन्हीकडून लाइन बिझी लागते.

तज्ज्ञ कोण, हे विचारा

डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत असते. नंबर मागण्यात संकोच नको, आमच्याकडेही मागा. भेटीचे रेकॉर्डिंग तुमच्या संमतीशिवाय होत नाही, तुम्हीही आम्हाला न सांगता करू नका. अल्पवयीन मुलांच्या ऑनलाइन भेटीत ओळख पटलेली मोठी व्यक्ती सोबत लागते.

आमचा सल्ला असा: शक्य असेल तर पहिली भेट केंद्रात घ्या, पुढच्या तीन ऑनलाइन घ्या आणि मग ठरवा. केव्हाही बदलता येते, फी दोन्हीकडे सारखीच आहे. नाव नोंदवताना मराठी, तेलुगू की कन्नड यांतल्या कोणत्या भाषेत बोलणे सोपे जाईल ते सांगा, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो पाठवा.