ऑइल ठिबकतं एकीकडे, गळतं दुसरीकडे

उभ्या मोटरसायकलखाली काळसर डाग दिसला की नजर थेट त्याच्या वर जाते आणि तिथे सापडतो ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल काढून टाकायचा बोल्ट. मग पाना घेऊन तोच बोल्ट आवळला जातो. पुष्कळदा त्या बोल्टचा दोष एवढाच, की तो इंजिनाच्या सर्वांत खालच्या जागी आहे. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेतून पाझरलेलं ऑइल ब्लॉकच्या पंखांवरून आणि क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) कडांनी उतरत तिथे पोहोचतं. गाडी धावत असताना वारा ते मागेही ढकलतो. म्हणून गळती शोधताना ओल्या भागाचं सर्वांत वरचं आणि पुढचं टोक गाठायचं.

जुन्या चिकट थरात हे टोक दिसत नाही. इंजिन थंड असताना डीग्रीझरने (तेलकट मळ काढणाऱ्या द्रावणाने) धुऊन अगदी कोरडं करावं, संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन मोकळ्या हवेत पूर्ण तापू द्यावं. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ उमटते, आणि ती जिथे सुरू होते तिथेच खरी गळती. इंजिन तापवणं महत्त्वाचं, कारण १०डब्ल्यू-४० या प्रतीच्या ऑइलचा ४० अंश सेल्सिअसला जो दाटपणा असतो, तो १०० अंशांना साधारण सातव्या हिश्श्यावर येतो. थंड इंजिनात अडून राहिलेलं ऑइल तापल्यावर त्याच फटीतून सहज निसटतं. पुढच्या स्प्रॉकेटपाशी मात्र घाई नको. तिथे साचलेलं काळं वंगण नुसतं चेनवरून उडालेलंही असू शकतं.

जागा सापडली तरी कारण सापडलंच असं नाही. पिस्टन खाली येताना त्याच्याखालची हवा दाबली जाते, शिवाय रिंगांच्या बाजूने थोडा जळका वायूही खाली उतरतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर एक पिस्टन सेकंदाला १०० वेळा खाली येतो. हा दाब ब्रीदर पाइपमधून बाहेर पडायला हवा. पाइप मळीने तुंबला किंवा दुमडला, तर क्रँककेसमधला दाब वाढतो आणि फिरत्या शाफ्टभोवती (दांड्याभोवती) बसवलेल्या धडधाकट रबरी सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. माझ्या मते इंजिन उघडण्याआधी ब्रीदर आणि ऑइलची पातळी तपासणं सक्तीचंच असावं. प्रमाणापेक्षा जास्त भरलेलं ऑइलही असाच त्रास देतं.

जोडात बसवलेल्या पातळ पट्टीचं, म्हणजे गॅस्केटचं, काम साधं आहे: दोन धातूंच्या पृष्ठभागांवरचे बारीक उंचसखल भाग भरून काढायचे. त्यासाठी दाब सगळीकडे सारखा हवा. गळणारा एकच बोल्ट जोर लावून पिळला तर कव्हर वाकतं आणि शेजारी नवी फट पडते. ॲल्युमिनियमचे आटे गेले तर दुखणं आणखी वाढतं. जुनं गॅस्केट स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. धातूवर पडलेला ओरखडा म्हणजे ऑइलला मिळालेली वाट. प्लास्टिकची पट्टी वापरावी, नवं गॅस्केट बसवून बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळावर, आवळावेत. फट बुजवणारं सिलिकॉन सढळ हाताने लावणं मला धोक्याचं वाटतं, कारण आत दबलेला त्याचा तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकू शकतो.

ऑइल सीलचं शास्त्र याहून सुंदर आहे. फिरत्या शाफ्टला रबराचा ओठ टेकलेला दिसतो, पण दोघांमध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. ओठाची ठेवण अशी, की शाफ्ट फिरताना बाहेर येऊ पाहणारं ऑइल पुन्हा आत ओढलं जातं. उष्णतेने रबर कडक झालं की हे थांबतं. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवावी, ओठाला आधी ऑइल लावावं आणि सील सरळ आत जाईल असं ठोकावं. त्याआधी शाफ्टवरून नख फिरवून पाहावं. खाच लागली तर त्याच जागी नवं सीलही गळेल. सीलच्या घरात जागा असेल तर ते थोडं पुढे-मागे बसवून ओठ गुळगुळीत भागावर टेकवता येतो. नसेल तर शाफ्टवर स्टीलची पातळ बाही चढवावी लागते, नाहीतर शाफ्टच बदलावा लागतो.