लशीतल्या प्रथिनाचा आकार

लस म्हणजे मेलेला किंवा अर्धमेला विषाणू, ही समजूत अजूनही फार घट्ट आहे. हिपॅटायटिस-बीच्या लशीला मात्र 1986 पासून विषाणू लागतच नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालतात, यीस्ट टाक्यांमध्ये वाढवतात आणि त्याने तयार केलेले प्रथिन शुद्ध करून घेतात. त्याआधी हेच प्रथिन बाधित माणसांच्या रक्तद्रवातून काढावे लागे.

पण योग्य प्रथिन निवडले म्हणजे काम झाले असे नाही. ते योग्य आकारातही हवे, आणि खरी कारागिरी इथेच लागते.

आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या श्वासमार्गाला ग्रासणारा विषाणू. 1960च्या दशकात तो फॉर्मॅलिन या रसायनाने मारून केलेली लस तपासली गेली. लस घेतलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट जास्त तीव्र झाला, दोन बाळे दगावली. कारणे एकाहून जास्त होती, त्यातले एक प्रथिनाच्या आकाराशी जोडलेले होते.

या विषाणूचे एफ प्रथिन ताणून ठेवलेल्या स्प्रिंगसारखे असते. पेशीत शिरताना ते सुटते, लांब होते, मग स्वतःवरच दुमडते आणि विषाणूचे व पेशीचे अशी दोन्ही पटले जवळ ओढते. एकदा सुटले की परत फिरत नाही. विषाणूपासून वेगळे काढले तरी ते सहज सुटते! सर्वात प्रभावी प्रतिपिंडे चिकटतात ती जागा ताणलेल्या रूपाच्या टोकावर असते. सुटलेल्या रूपात ती उरतच नाही.

2013 साली जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या चमूने ताणलेल्या रूपाची रचना उलगडली आणि ते रूप कायम ठेवण्याची युक्तीही शोधली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्यातल्या 155 आणि 290 या स्थानांवरची सेरिन ही अमिनो आम्ले काढून तिथे सिस्टीन बसवली, त्या दोघींत गंधकाचा बंध जुळला. 190 आणि 207 या स्थानांवर मोठी अमिनो आम्ले घालून आतल्या पोकळ्या बुजवल्या. तळाशी जीवाणूभक्षक विषाणूचा एक तुकडा जोडला, त्यामुळे हे प्रथिन ज्या तीन साखळ्यांचे बनते त्या एकत्र राहिल्या. ताणलेले रूप स्थिर ठेवण्याच्या याच तत्त्वावरच्या दोन लशींना अमेरिकेत 2023 साली मंजुरी मिळाली.

असे शर्करायुक्त, म्हणजे साखरेचे रेणू जोडलेले, प्रथिन बनवायला चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशी वापरतात. त्या प्रथिन बाहेरच्या द्रवात सोडतात, मग नको ते घटक वेगळे करणाऱ्या एकामागून एक स्तंभांतून ते शुद्ध होते. ‘लशीतले जनुक आपला डीएनए बदलते’ असे संदेश फिरत असतात, ते निराधार आहेत. या लशीत टोचले जाते ते प्रथिन. जनुक कारखान्यातल्या पेशींत असते, आणि त्या पेशींच्या डीएनएचा उरलासुरला अंशही मोजून मर्यादेत ठेवावा लागतो. शिवाय फक्त ताणलेले रूप ओळखणारे प्रतिपिंड वापरून आकार टिकला आहे का, हेही पाहतात.

कोरोनाच्या स्पाइक प्रथिनालाही असेच बांधले गेले: 986 आणि 987 या स्थानांवर प्रोलीन ही दोन अमिनो आम्ले. ही युक्ती आधी कोरोनाच्याच कुळातल्या मर्सच्या विषाणूवर आजमावलेली होती, म्हणून 2020 साली ती हाताशी तयार होती.