गर्भाशय फुगा-दाब उपचार

प्रसूतीनंतर गर्भाशयातून होणारा आणि औषधांना न जुमानणारा रक्तस्राव थांबविण्यासाठी गर्भाशयाच्या पोकळीत रबरी किंवा सिलिकोनचा फुगा घालून, तो निर्जंतुक सलाईनने भरून आतून दाब देण्याची पद्धत. वैद्यकीय व्यवहारात ती ‘बलून टॅम्पोनेड’ या नावाने ओळखली जाते.

दिवस भरलेल्या गरोदर स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या बंद होतात त्या मुख्यतः गर्भाशयाच्या आवळण्याने. स्नायूंचे परस्परांत गुंफलेले तंतू आकसतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या वाहिन्या चिमटल्या जातात. गर्भाशय सैल राहिले, तर ही क्रिया घडत नाही आणि धडधाकट बाळंतीणही थोड्या वेळात जिवाला मुकू शकते. बाळंतपणानंतर 500 मि.लि. किंवा अधिक रक्त गेले, तर तो अतिरक्तस्राव आणि 1000 मि.लि. किंवा अधिक गेले, तर तीव्र अतिरक्तस्राव मानला जातो. पोट चोळून गर्भाशय घट्ट करणे, गर्भाशय आवळणारी ऑक्सिटोसिन व मिझोप्रोस्टॉल ही औषधे आणि रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे उपाय आधी केले जातात. त्यांनी रक्त थांबले नाही, तर शस्त्रक्रियेकडे वळण्यापूर्वी फुग्याचा विचार होतो. बहुधा फुग्याचा दाब वाहिन्यांमधील रक्तदाबावर मात करतो आणि रक्त गोठण्यास अवधी मिळतो.

आतून दाब देण्याची कल्पना जुनी आहे. पूर्वी गर्भाशयात कापडी पट्टी ठासून भरत; पण तिच्यामागे रक्त साचून राहिले तरी बाहेर दिसत नसे आणि जंतुसंसर्गाचीही भीती असे, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पद्धत मागे पडली. पुढे अन्ननलिकेतील रक्तस्रावासाठी आणि मूत्रमार्गाच्या उपचारांसाठी बनविलेले फुगे प्रसूतिशास्त्रात उसने घेतले गेले. खास प्रसूतीसाठी योजलेल्या बाक्री फुग्याचे वर्णन 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. सिलिकोनच्या या फुग्यात 500 मि.लि. द्रव मावतो आणि त्याला निचऱ्याची वेगळी नळी असते, त्यामुळे फुग्याच्या वरच्या बाजूस रक्त साचत आहे की नाही, हे कळते.

हे साधन महाग असल्याने गरीब देशांतील बहुतेक प्रसूतिगृहांच्या आवाक्याबाहेर होते. ढाक्यातील डॉ. सायेबा अख्तर यांनी काढलेली वाट म्हणूनच मोलाची ठरते. निर्जंतुक रबरी कॅथेटरच्या (लवचिक नळीच्या) टोकावर कंडोम चढवायचा, त्याचे तोंड दोऱ्याने घट्ट बांधायचे, कॅथेटरचे दुसरे टोक सलाईनच्या संचाला जोडायचे आणि कंडोम गर्भाशयात ठेवून रक्त थांबेपर्यंत भरायचा, अशी ही रचना. यांतील प्रत्येक वस्तू लहानशा दवाखान्यातही सापडते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील 23 स्त्रियांचा रक्तस्राव 15 मिनिटांच्या आत थांबला होता. भारतातही कंडोम-कॅथेटरचा वापर रुजला. निचऱ्याची सोय नसणे ही मात्र त्याची उणीव आहे.

फुगा घालण्यापूर्वी वारेचा तुकडा आत राहिलेला नाही, गर्भाशय फाटलेले नाही आणि गर्भाशयमुखाला किंवा योनिमार्गाला चीर गेलेली नाही, याची खातरजमा करावी लागते. अशा कारणांवर फुगा हा उपाय नव्हे आणि त्याच्या भरवशावर निदान लांबले, तर घात होतो. फुगा भरल्यावर काही मिनिटांत रक्त थांबले नाही, तर त्याच्यावर विसंबून न राहता शस्त्रक्रियेची तयारी करतात. थांबले, तर ऑक्सिटोसिन चालू ठेवून नाडी, रक्तदाब, लघवी आणि अंगावरून जाणारे रक्त यांवर सतत लक्ष ठेवतात. फुगा साधारणपणे 24 तासांच्या आत, टप्प्याटप्प्याने रिकामा करून काढतात. तेही शक्यतो दिवसा, शस्त्रक्रिया करणारे हाताशी असताना.

परिणामकारकतेविषयीचे पुरावे एकमुखी नाहीत. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात 91 अभ्यासांमधील 4,729 स्त्रियांपैकी सुमारे 86 टक्क्यांमध्ये उपचार यशस्वी ठरल्याचे दिसले. पण त्यांतील बहुतेक अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बेनिन आणि माली येथील 116 स्त्रियांवरील यादृच्छिक चाचणीत (कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविलेल्या चाचणीत) कंडोम-कॅथेटरमुळे शस्त्रक्रिया किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. युगांडा, इजिप्त व सेनेगलमधील रुग्णालयांत ही पद्धत सुरू केल्यावर शस्त्रक्रिया व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण उलट वाढलेले आढळले. यावरून फुगा निरुपयोगी आहे असे म्हणणे घाईचे होईल. रक्त, भूल आणि शस्त्रक्रिया यांची जोड नसेल, तर फुग्याने मिळालेला वेळ वाया जातो, असा या निष्कर्षांचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीतही शस्त्रक्रिया व रक्तपुरवठा तत्काळ उपलब्ध असणे, प्रशिक्षित कर्मचारी असणे आणि रुग्णेवर सतत देखरेख ठेवता येणे अशा अटी घातलेल्या आहेत.

अलीकडे याच्या उलट तत्त्वावरील साधनेही वापरात आली आहेत. त्यांत गर्भाशय आतून ताणण्याऐवजी हलक्या शोषणाने रिकामे केले जाते, म्हणजे त्याच्या भिंती एकमेकींजवळ येतात आणि स्नायूंना स्वतःहून आवळणे सोपे जाते.