वादळात इलेक्ट्रॉन जातात कुठे?

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे दोन पट्टे पृथ्वीला वेढून आहेत; या व्हॅन ॲलन पट्ट्यांच्या इतिहासाची सुरुवातच एका फसव्या शून्याने झाली. १९५८ च्या आरंभी एक्सप्लोरर-१ उपग्रहावरचा, कण मोजणारा गायगर गणक ठरावीक उंचीच्या वर गेला की गप्प बसायचा. मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-३ वर टेप रेकॉर्डर होता, त्यामुळे कक्षेची सलग नोंद हाती आली आणि त्यातही तेच शून्य दिसले. कार्ल मॅकइलवेन यांनी तसाच गणक क्ष-किरणांच्या जोरदार माऱ्याखाली धरून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. कण इतके दाट होते की एक मोजून होईपर्यंत पुढचा येऊन धडकत होता आणि नळीला सावरायला उसंतच मिळत नव्हती. गणक शून्य दाखवतो म्हणजे कण नाहीत असे नव्हे, हा धडा पुढे चुंबकीय वादळांच्या, म्हणजे सौरवाऱ्यामुळे (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळे) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळींच्या, बाबतीत पुन्हा गिरवावा लागला.

इलेक्ट्रॉन पट्ट्यात किती काळ टिकतात, हा प्रश्न ऐरणीवर आला तो अणुस्फोटामुळे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा ‘स्टारफिश प्राइम’ बॉम्ब फोडला. त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा कृत्रिम पट्टा तयार झाला आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेल्या टेलस्टारसह अनेक उपग्रहांना त्याचा फटका बसला. आतल्या भागातले काही इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे रेंगाळले, बाहेरचे मात्र लवकर ओसरले. हा फरक निव्वळ हवेशी होणाऱ्या टकरींनी समजावता येत नव्हता.

पट्ट्यातला इलेक्ट्रॉन एकाच वेळी तीन हालचाली करतो: चुंबकीय रेषेभोवती गिरकी, उत्तर-दक्षिण उसळ्या आणि पृथ्वीभोवती प्रदक्षिणा. भूस्थिर कक्षेजवळच्या १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कणाला गिरकीला मिलिसेकंदाच्या आसपास, उसळीला सेकंदाहून कमी आणि प्रदक्षिणेला साधारण १० मिनिटे लागतात. प्रत्येक हालचालीशी जोडलेली एक राशी जवळजवळ अचल राहते, म्हणूनच कण अडकून पडतो. कणाला बाहेर काढायचे तर यातली एखादी राशी मोडावी लागते.

पहिला मार्ग खाली, वातावरणात. विषुववृत्ताजवळ कणाचा वेग रेषेशी फार लहान कोन करत असेल, तर उसळी सुमारे १०० किलोमीटरपर्यंत खाली येते आणि कण हवेत संपतो. भूस्थिर कक्षेवर हा गळतीचा शंकू जेमतेम अडीच अंशांचा आहे. एवढ्या अरुंद फटीत इलेक्ट्रॉनांना ढकलते कोण? १९६६ मध्ये केनेल आणि पेत्शेक यांनी दाखवले की अडकलेले इलेक्ट्रॉनच व्हिसलर नावाच्या विद्युतचुंबकीय लहरी फुगवतात आणि त्या लहरी त्यांना शंकूकडे वळवतात, त्यामुळे पट्ट्यातल्या साठ्याला वरची मर्यादा पडते. १९७० च्या दशकाच्या आरंभी लायन्स आणि थॉर्न यांनी प्लाझ्मास्फिअरमधल्या, म्हणजे पृथ्वीलगतच्या थंड, दाट प्लाझ्मातल्या, ‘हिस’ लहरींनी दोन पट्ट्यांमधली पोकळी कशी राखली जाते याचे गणित मांडले. पण हिसचे काम दिवस-आठवड्यांच्या चालीने होते, आणि वादळात पट्टा काही तासांत रिकामा दिसतो.

इथे ते फसवे शून्य परत येते. वादळाच्या मुख्य टप्प्यात पृथ्वीभोवतीचा विद्युत वलय प्रवाह वाढला की आतले चुंबकीय क्षेत्र क्षीण होते. प्रदक्षिणेशी जोडलेली तिसरी राशी टिकवण्यासाठी इलेक्ट्रॉन बाहेर सरकतात आणि तिथल्या दुबळ्या क्षेत्रात त्यांची ऊर्जा उतरते. ठरावीक ऊर्जेवर मोजणाऱ्या उपकरणाला घट दिसते, पण क्षेत्र सावरले की कण जागेवर हजर! डेसलर आणि कार्पलस यांनी हे १९६१ मध्येच सांगितले होते. म्हणून खरी हानी तपासायची तर नुसता कणांचा प्रवाह पाहून भागत नाही. तीनही अचल राशी स्थिर धरून कला-अवकाशातली (स्थान आणि संवेग मिळून होणाऱ्या अवकाशातली) घनता काढावी लागते. त्यासाठी चुंबकीय क्षेत्राचे प्रारूप लागते, आणि ते वादळातच सर्वाधिक चुकते. या विषयातले निम्मे वाद खरे तर याच अडचणीतून निघाले असावेत.

२००३ मध्ये रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी १९८९ ते २००० मधली २७६ वादळे तपासली. ५३ टक्के वादळांनंतर बाहेरचा पट्टा वाढला, १९ टक्क्यांनंतर घटला, उरलेल्यांत विशेष फरक नव्हता. म्हणजे वादळ भरते तसेच उपसतेही, आणि दोन्हींची वजाबाकीच आपल्याला दिसते.

दुसरा मार्ग बाहेर. एरवी चुंबकावरणाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा पगडा असलेल्या प्रदेशाची, सूर्याकडची सीमा पृथ्वीच्या सुमारे १० त्रिज्यांवर असते, पण सौरवाऱ्याचा दाब वाढला की ती भूस्थिर कक्षेच्याही (६.६ त्रिज्या) आत येऊ शकते. मग प्रदक्षिणा घालणारे कण तिथे थेट बाहेर निसटतात. काठ रिकामा झाला की घनतेचा उतार बाहेरच्या बाजूला कलतो आणि आतले कणही त्रिज्येच्या दिशेने पसरत बाहेर जातात. २०१२ मध्ये टर्नर आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०११ च्या एका घटनेत, थेमिस, भूस्थिर आणि ध्रुवीय उपग्रहांच्या नोंदी जुळवून, घट मुख्यत्वे याच मार्गाने झाल्याचे दाखवले.

तरीही फार खोलवर, सीमेचा हात पोहोचत नाही तिथेही कण गायब होतात. तिथे संशय आयन-सायक्लोट्रॉन लहरींवर जातो. थॉर्न आणि केनेल यांनी १९७१ मध्येच ही शक्यता मांडली होती. वलय प्रवाहातल्या प्रोटॉनांमुळे उठणाऱ्या या काही हर्ट्झ किंवा त्याहून कमी वारंवारितेच्या लहरी सहसा अतिऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनाच गाठतात, पण गाठल्यावर तासाभरातही शंकूत लोटू शकतात. ऑगस्ट २०१२ मध्ये गेलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्स या जुळ्या उपग्रहांनी १७ जानेवारी २०१३ च्या वादळात नेमका असा ठसा टिपला: सर्वाधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन घटले, आणि जे उरले त्यांचे चुंबकीय रेषेशी असलेले कोन ९० अंशांभोवती आक्रसले. मात्र या ९० अंशांजवळच्या, म्हणजे विषुववृत्तापासून फारसे न हलणाऱ्या कणांना या लहरी जवळपास शिवत नाहीत. त्यांना आधी हिस किंवा कोरस (दोन्ही व्हिसलर जातीच्याच) लहरींनी तिरके करावे लागते, मगच ते आयन-सायक्लोट्रॉन लहरींच्या तावडीत सापडतात.